एक बाटली, सात शनिवार: सिसिलीच्या संत्र्याचं लिकर आणि घरची कॉकटेल्स

शनिवार, ३ जानेवारी

बाटली आज उघडली. सोलेर्नो, सिसिलीच्या लाल संत्र्यांचं लिकर, ७०० मिली, ४० टक्के अल्कोहोल. ठरवलंय एवढंच की ही बाटली संपत येईपर्यंत चार-पाच सोपी कॉकटेल्स कृती न बघता जमली पाहिजेत. बार वगैरे मांडायचा नाही. प्रत्येक नोंदीखाली बाटलीत किती उरलं ते लिहीन. पैशांचा हिशेब ज्याचा त्याने करावा, माझा खर्च मिलीमध्ये.

पहिला धक्का रंगाचा. लाल संत्रं म्हटल्यावर लालबुंद काहीतरी पडेल म्हणून ग्लास धरला, तर पडलं पाण्यासारखं स्वच्छ. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या परिसरात दिवसा ऊन आणि रात्री गारठा असतो. त्यामुळे तारोक्को, मोरो, सांग्विनेल्लो या जातींच्या गरात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होतं. हे लिकर सांग्विनेल्लोचं आहे, पण ऊर्ध्वपातनात वास वाफेबरोबर वर जातो आणि रंग भांड्यातच बसून राहतो. म्हणजे ग्लासात लाली हवी असेल तर ती दुसरीकडून आणायची.

१० मिली नुसतंच चाखलं. आधी संत्र्याच्या सालीला नख लावल्यावर येतो तसला वास, मग गोडी, मग घशाशी धग. ताईने (माझी मोठी बहीण, या प्रकल्पाची परीक्षक म्हणून तिने स्वतःला परस्पर नेमून घेतलंय) एक घोट घेतला आणि म्हणाली, "अरे, हे नुसतं प्यायचं नाहीये. हे कशाततरी घालायचंय."

जमवलेलं सामान: जॅमची रिकामी बरणी हा शेकर, चहाची गाळणी, लिंबू पिळायचं यंत्र, चमचे. दारू मोजायची जी दोन तोंडांची छोटी वाटी असते तिला जिगर म्हणतात. ती माझ्याकडे नाही. जिगर नसताना या भानगडीत पडलोय, हे पुढे वाचताना लक्षात असू द्या.

शिल्लक ६९०.

रविवार, ४ जानेवारी

सुरुवात साइडकारने, कारण त्यात तीनच जिन्नस: ब्रँडी, संत्र्याचं लिकर, लिंबाचा रस. प्रचलित प्रमाण ५०, २०, २० मिली.

मी ते पाळलं नाही. लिकर एवढं सुगंधी आहे तर जरा जास्त घालू म्हणून ३० मिली घातलं आणि रस १५ वर आणला. बाहेर आलं ते ओठांना चिकटणारं काहीतरी. ताई म्हणाली, "खोकल्याचं औषध. पण चांगल्या कंपनीचं." अर्धा ग्लास बेसिनमध्ये.

चूक समजायला थोडा वेळ लागला. मी लिकरला दारू समजत होतो आणि चव म्हणून वाढवत होतो. ते दारूबरोबरच साखरेचा पाकही आहे. युरोपियन युनियनच्या नियमांत लिकर म्हणवून घ्यायचं तर लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर लागते, आणि संत्र्याच्या लिकरांमध्ये बऱ्याचदा त्याच्या दुपटीहून जास्त असते. म्हणजे मी एका बाजूने साखर दीडपट केली आणि दुसऱ्या बाजूने आंबट कमी केलं. वर ग्लासच्या काठाला साखर लावली होती, कारण फोटोत तसं होतं.

दुसऱ्यांदा निमूटपणे ५०-२०-२०. काठाला साखर नाही. बरं झालं. छान म्हणवत नाही, कारण कुठेतरी पाणचट लागत होतं. ते पुढच्या आठवड्यात बघू.

मोजमापाबद्दल. दोन्ही ग्लास मी "टेबलस्पून म्हणजे १५ मिली" या भरवशावर केले. संध्याकाळी शंका आली म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चमचाभर पाणी ठेवलं. ११ ग्रॅम. पाणी एक मिली म्हणजे एक ग्रॅम, म्हणजे माझा चमचा ११ मिलीचा. मोठा चमचा मोठाच असतो असं आपण धरून चालतो. मग खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी मिलीच्या खुणांची प्लॅस्टिकची झाकणवाटी सापडली, ती पाण्याने तपासली, बरोबर निघाली. आता तीच जिगर. (घरात औषधाचा विषय आज दुसऱ्यांदा निघाला.)

काट्यावर थेट दारूच मोजू नका. ५० मिली ब्रँडी साधारण ४७ ग्रॅम भरते आणि लिकर साखरेमुळे वेगळंच वजन दाखवतं. काटा फक्त भांडं तपासायला.

शिल्लक ६४०.

शनिवार, १० जानेवारी

आजचा दिवस बर्फाचा. एवढा वेळ बर्फावर घालवावा लागेल असं वाटलं नव्हतं, पण सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त उपयोगी पडली ती हीच संध्याकाळ.

गेल्या रविवारी मी बर्फ आधी काढून वाडग्यात ठेवला होता, सगळी तयारी हाताशी असावी म्हणून. आज तीच कृती तीन प्रकारे केली. प्रत्येक वेळी बरणीत ९० मिली मिश्रण आणि सहा खडे. हलवून, गाळून, किती मिली बाहेर आलं ते मोजायचं.

पहिला ग्लास: ट्रेमधून थेट काढलेला बर्फ, १२ सेकंद हलवलं. बाहेर आलं ११६ मिली.

दुसरा: वाडग्यात पंधरा मिनिटं बाहेर ठेवलेला, ओला झालेला बर्फ, १२ सेकंद. १३७ मिली.

तिसरा: ट्रेमधला बर्फ, पण २५ सेकंद. १२१ मिली.

म्हणजे ओल्या बर्फाने माझ्या ग्लासात ४७ मिली पाणी घातलं होतं, आणि मी गेले पाच दिवस ब्रँडीला दोष देत होतो. खड्यांच्या अंगावर जे पाणी असतं ते कसलंही गार करण्याचं काम न करता थेट ग्लासात येतं. उलट दुप्पट वेळ हलवल्याने फारसं बिघडलं नाही. बर्फ आणि मिश्रण एकमेकांच्या तापमानाला आले की वितळणं मंदावतं. तेव्हा सेकंद मोजत बसण्यापेक्षा बर्फ शेवटच्या क्षणी काढणं महत्त्वाचं.

पहिल्या ग्लासात २६ मिली पाणी. हा आकडा वहीत लाल शाईने लिहिलाय. कॉकटेलमध्ये पाणी हा चौथा जिन्नस आहे, तो फक्त कृतीत लिहिलेला नसतो.

तिन्ही ग्लास प्यायलो नाही. दोघांनी दोन-दोन घोट घेतले आणि पहिला तेवढा वाटून संपवला. ताईचा निकाल, दुसऱ्या ग्लासबद्दल: "हा पावसात विसरलेला आहे."

तिसऱ्या ग्लासात शेवटी एक विचित्र वास आला, जरा कांद्याचा. फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी उघडा डबा होता. बर्फ वास ओढून घेतो. ट्रे रिकामी करून धुतली, नवा बर्फ लावला, तयार खडे झाकणाच्या डब्यात ठेवले. ग्लासही आता वीस मिनिटं आधी फ्रीझरमध्ये जातो.

शिल्लक ५८०.

रविवार, ११ जानेवारी

ही नोंद लिहायची इच्छा नाही, पण लिहायचं ठरलंय.

आज स्प्रिट्झ. इटलीच्या ईशान्येचं, व्हेनेतो भागाचं पेय: प्रोसेक्को, संत्र्याचं कडवट लिकर, सोडा. प्रमाण सरळ ३-२-१. मी ९० मिली प्रोसेक्को आणि ६० मिली लिकर बरणीत घातलं, बर्फ टाकला, झाकण घट्ट लावलं आणि हलवलं.

हो. फसफसणारी वाइन. बंद बरणीत.

चार वेळा हलवेपर्यंत सगळं ठीक होतं. पाचव्यांदा हाताखाली झाकण फुगल्यासारखं वाटलं. पाहावं म्हणून अर्धा आटा फिरवला आणि झाकण माझ्या अंगठ्याला घासून छताकडे गेलं. फेस आधी शर्टावर, मग ओट्यावर, आणि उरलेला उघड्या चमच्यांच्या खणात. खण उघडा का होता, तर मी गाळणी काढायला उघडला होता. एकेक चमचा धुतला. फरशी तीनदा पुसली तरी रात्री मोजा चिकटलाच. सफाईत दीड तास गेला, आणि ६० मिली लिकर गेलं ते वेगळंच.

बरणी काचेची होती, फुटली नाही, हे नशीब. सोडा, प्रोसेक्को, टॉनिक, काहीही बुडबुडेवालं शेकरमध्ये जात नाही. ते ग्लासातच, शेवटी.

हट्टाने दुसरा केला, ग्लासात बर्फावर: ९० प्रोसेक्को, ६० लिकर, ३० सोडा. हे प्रमाण पाळूनही ग्लास जळजळीत आणि गोड झाला. संपवला नाही. एका संध्याकाळी १२० मिली, म्हणजे बाटलीचा सहावा हिस्सा.

शिल्लक ४६०.

शनिवार, १७ जानेवारी

गेल्या रविवारच्या दुसऱ्या ग्लासाचं पोस्टमॉर्टेम. ३-२-१ हे प्रमाण ज्या लिकरसाठी रूढ झालंय ते आपेरोल. ते पादुआ शहरात १९१९ साली बाजारात आलं आणि त्यात अल्कोहोल आहे फक्त ११ टक्के. माझ्या बाटलीत ४०. आपेरोलच्या ६० मिलीमध्ये शुद्ध अल्कोहोल ६.६ मिली, माझ्या ६० मिलीमध्ये २४. जवळपास चौपट. दोन्ही इटालियन, दोन्ही संत्र्याची, दोन्ही लिकर, आणि तरी एकाच्या जागी दुसरं बसत नाही. बाटलीवरचा टक्का वाचणं ही पाच सेकंदांची गोष्ट होती.

नवीन प्रमाण: लिकर ३०, प्रोसेक्को ९०, सोडा ४५, भरपूर बर्फ. ताकद आटोक्यात आली, पण चव एकसुरी. गोड संत्र्याचं सरबत, बुडबुड्यांसकट. आपेरोलमध्ये कडवटपणा असतो आणि स्प्रिट्झ त्याच कडूवर उभं असतं. माझ्या लिकरमध्ये कडू नाहीच.

मग दुसऱ्या ग्लासात तेच सगळं आणि वर १० मिली कांपारी (लाल रंगाचं, कडू इटालियन लिकर). हे जमलं. कडू आलं, आणि पहिल्या दिवशी हुकलेला लाल रंगही आला. ताईने ग्लास उजेडात धरून पाहिला, काही न बोलता अर्धा प्यायली, आणि ग्लास परत दिला नाही. एवढी मोठी दाद तिने आजवर दिलेली नाही.

ओतायचा क्रम: बर्फ, मग लिकर आणि कांपारी, मग प्रोसेक्को, मग सोडा. जड ते आधी ओतलं की वरून पडणारं प्रोसेक्कोच ते मिसळून घेतं. चमच्याने खालून वर एकदाच उचलायचं. मी ढवळत बसलो होतो, त्याने बुडबुडे जातात.

उरलेल्या प्रोसेक्कोच्या बाटलीच्या तोंडात चमचा उलटा ठेवला की फेस टिकतो असं ऐकलं होतं. ठेवला. (पुढचं नंतर जोडलंय.) रविवारी संध्याकाळी प्रोसेक्को मेलेलं होतं, चमचा मात्र छान गार झाला होता. स्प्रिंगचं बूच आणा किंवा चार माणसं बोलवा.

शिल्लक ४००.

शनिवार, २४ जानेवारी

मार्गारिता: टकीला ५०, लिकर २०, लिंबू १५. इथे भाषेनेच दगा दिला.

साइडकारला लागतं ते मोठं, पिवळं, जाड सालीचं लिंबू. मार्गारिताला लागतं ते लहान, पातळ सालीचं. आपण दोघांनाही लिंबूच म्हणतो. माझ्या वहीत दोन्हीकडे "लिंबाचा रस" लिहिलेलं होतं, आणि फ्रीजमध्ये पिवळं शिल्लक होतं. ते पिळलं. ग्लास वाईट नव्हता, पण टकीला एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे, असं. मग छोट्या लिंबाने केला तेव्हा चव एकदम जुळली. आंबटपणा दोघांचा जवळपास सारखाच आहे, फरक वासाचा. वहीत आता "पिवळं" आणि "छोटं" असं लिहितो.

उलटी अडचणही आहे. छोट्या लिंबाची साल एवढी पातळ की वरून पिळायला तिच्यातून तेल फारसं निघत नाही. वास हवा असेल तर साल पिवळ्या लिंबाची किंवा संत्र्याची.

रस आदल्या रात्री काढून ठेवायचा आळशी प्रयोगही आज केला. शुक्रवारचा रस आणि आत्ताचा रस, दोन चमच्यांत शेजारी शेजारी. शिळा रस आंबट आहे, पण नुसताच आंबट, मागे किंचित कडसर. त्या दिवशीचा रस त्या दिवशी.

काठाला मीठ लावताना मी ग्लास उलटा करून मिठात दाबला, त्यामुळे मीठ आतल्या बाजूलाही लागलं आणि पेयात पडलं. बाहेरच्या कडेला लिंबाची फोड फिरवा, ग्लास आडवा धरून जाड मिठात लोळवा, तोही अर्ध्याच काठाला. ज्याला मीठ नको तो दुसऱ्या बाजूने पिईल.

शिल्लक ३६०.

शनिवार, ३१ जानेवारी

व्हाइट लेडी. जिन ४०, लिकर ३०, पिवळं लिंबू २०. वर फेसाची साय हवी असेल तर एका अंड्याचा पांढरा भाग. कच्चं अंडं नको असेल त्यांनी हा भाग सोडून द्यावा, पेय तसंही होतं.

पहिला प्रयत्न बर्फासकट सगळं एकदमच हलवलं. फेस आला तो साबणाच्या पाण्यासारखा, अर्ध्या मिनिटात विरला. वाचल्यावर कळलं की आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून परत.

दुसऱ्या प्रयत्नात बर्फाशिवाय हलवताना बरणीच्या झाकणातून गळती. आतापर्यंत ही बरणी कधी गळली नव्हती. बर्फ असतो तेव्हा आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. बर्फ नसेल तर ती ओढ नाही. झाकणावर फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी दाबून धरलं, २० सेकंद, मग बर्फ घालून १२. या वेळी साय बोटभर जाड आणि टिकाऊ. फेसात थोडे मोठे बुडबुडे होते ते चहाच्या गाळणीने अडवले. गाळणी पहिल्या दिवसापासून एकही तक्रार न करता काम करतेय, तिचा उल्लेख राहून जात होता.

लिकर ३० आहे, मग हे गोड का लागत नाही, असं ताईने विचारलं. ४ जानेवारीला मीच ३० घालून फसलो होतो ना. फरक असा की तेव्हा ३० ला रस १५ होता, आज ३० ला २०. लिकर वाढवलं की रसही वाढला पाहिजे. आता कुठलीही नवीन कृती दिसली की मी आधी लिकर आणि लिंबू एवढेच दोन आकडे शेजारी ठेवून पाहतो. लिंबू लिकरच्या दोन-तृतीयांशाहून कमी असेल तर मी हात आखडता घेतो.

शिल्लक ३००.

शनिवार, १४ फेब्रुवारी

मधल्या शनिवारी काही केलं नाही. आज सहा जण जेवायला. सहा साइडकार एकेक करून हलवत बसलो तर पाहुण्यांशी बोलणार कधी, म्हणून आदल्या रात्री एकदमच मिश्रण केलं: ब्रँडी ३००, लिकर १२०, रस १२०. बर्फावर हलवणार नाही म्हणजे पाणी आपणच घालायला हवं. लाल शाईचा आकडा इथे कामी आला, २६ गुणिले ६, १५६ मिली. एकूण ६९६. लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून फ्रीझरमध्ये. काचेची काठोकाठ भरलेली बाटली ठेवली नाही, तेवढी अक्कल होती.

रसाचं मात्र २४ जानेवारीला लिहिलेलं तीनच आठवड्यांत विसरलो.

संध्याकाळी बाटली तिरकी केली, काही येईना. दाबली, तर चिखलासारखा गोळा घळकन पडला. ४० टक्क्यांची बाटली घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, यावर मी निर्धास्त होतो. पण रस आणि पाणी मिळून मिश्रण आलं होतं २४ टक्क्यांवर, आणि त्याला उणे १८ अंश झेपत नाही. पाहुणे चमच्याने खायला तयार होते. ताईने तर दुसऱ्यांदा मागून घेतलं. मला साइडकार हवा होता. बाटली कोमट पाण्यात धरून वीस मिनिटांनी ओतता आली, तोवर जेवण वाढून झालं होतं.

शिल्लक १८०.

रविवार, १५ फेब्रुवारी

लगेच दुरुस्ती करून पाहिली, दोन ग्लासांपुरती. ब्रँडी १००, लिकर ४०, पाणी ५२, एवढंच सकाळी एकत्र करून फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. संध्याकाळी ताजा रस ४०, बाटली हलवली, पाऊण तास फ्रीझरमध्ये, गार ग्लासात ओतलं. बर्फावर हलवलेल्या साइडकारमध्ये जो बारीक हवेचा हलकेपणा असतो तो यात नाही. बाकी काही कमी नाही. पुढच्या वेळी ओतण्याआधी बाटली जोरात हलवणार.

शिल्लक १४०.

शनिवार, २१ फेब्रुवारी

नेग्रोनीत थोडं लिकर घालून पाहिलं. नेग्रोनी म्हणजे जिन, कांपारी, लाल गोड व्हर्मूथ, तिन्ही ३०. फ्लॉरेन्सच्या कुणा काउंट नेग्रोनीने १९१९ च्या सुमाराला अमेरिकानोमधला (कांपारी, व्हर्मूथ आणि सोड्याचं पेय) सोडा काढून जिन घालायला सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. मी व्हर्मूथ १५ वर आणून उरलेल्या १५ च्या जागी हे लिकर घातलं.

पहिला ग्लास: ओल्या पुठ्ठ्याची चव. दोष लिकरचा नाही, व्हर्मूथचा. ती बाटली दोन महिन्यांपासून कपाटात उघडी होती, बाकीच्या बाटल्यांच्या रांगेत. व्हर्मूथ ही मुळात वाइन आहे, थोडं अल्कोहोल वाढवलेली. उघडली की फ्रीजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. रांगेत शोभते म्हणून ठेवली होती.

नवी बाटली उघडून दुसरा ग्लास. यात रस नाही, त्यामुळे हलवायचं नाही, बर्फावर चमच्याने अर्धा मिनिट फिरवायचं. पेय काचेसारखं स्वच्छ राहतं. वर संत्र्याच्या सालीची पट्टी, बटाटे सोलायच्या सोलण्याने काढलेली. पट्टीच्या आत पांढरं जेवढं कमी तेवढं बरं, ते कडू. पट्टी ग्लासावर धरून रंगीत बाजू खाली करून दुमडली, तर पृष्ठभागावर तेलाचे बारीक डाग पसरले आणि खोलीभर वास. मला हा ग्लास सगळ्यांत आवडला. ताईला नाही. तिला कांपारी १० मिलीच्या वर गेलं की नको वाटतं, आणि तिचं म्हणणं असं की गोड लिकर आणून ते कडू करण्यात एवढा वेळ घालवणारा माणूस तिने पाहिलेला नाही.

हिशेबाने ११० उरायला हवं. मोजून पाहिलं तर ९५. वाटीला चिकटून राहिलेलं, सांडलेलं धरलं तरी १५ जरा जास्तच. ताईकडे पाहिलं. "मला काय विचारतोस? मी फक्त परीक्षक."

९५ मध्ये चार साइडकार होतील किंवा तीन स्प्रिट्झ. वहीच्या मागच्या पानावर पाच ओळी उतरवून ठेवल्यात: साइडकार ५०-२०-२०, मार्गारिता ५०-२०-१५ छोटं लिंबू, व्हाइट लेडी ४०-३०-२०, स्प्रिट्झ ३०-९०-४५ अधिक कांपारी १०, नेग्रोनी ३०-३०-१५-१५ ढवळून. मार्गारितेत लिंबू लिकरच्या पाऊणपट आहे, म्हणजे माझी कसोटी तिथे टिकली. स्प्रिट्झमध्ये लिंबूच नाही, तिथे ती लागूच होत नाही, कांपारीचं कडू ते काम करतं.

आज झाकण उघडायला पाच मिनिटं लागली. प्रत्येक वेळी ओतून झालं की आट्यांवर थेंब राहतो, त्यातली साखर सुकून सिमेंट होते. बाटली उलटी न करता फक्त झाकण गरम पाण्याच्या धारेखाली धरलं तेव्हा सुटलं. आता ओतलं की ओल्या फडक्याने तोंड पुसून मगच झाकण लावतो.

शिल्लक ९५.